हुमणीचा हिशेब: वसमत तालुक्यातल्या पाच एकर सोयाबीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी निम्म्या शिवाराला मिळतं, तिथं ऊस आणि हळद. उरलेल्या शिवारात सोयाबीन, मध्ये तुरीची तासं, आणि रब्बीला हरभरा. ज्या शेतकऱ्याची ही हकीकत आहे, त्यांना या लेखापुरतं दत्तराव म्हणू. त्यांचं सोयाबीन पाच एकर, पण दोन तुकड्यांत. तीन एकर घराजवळ, दोन एकर ओढ्याकाठी. ओढ्याच्या कडेनं कडुलिंब आणि बाभळी आहेत, आणि बांधापलीकडं शेजाऱ्याचा चार एकर ऊस. त्या उसाचा 2023 साली तिसरा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक, उभा होता. म्हणजे ती जमीन चार वर्षं नांगराखाली आली नव्हती.

मी त्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी शिवारफेरीचं काम करतो. हे प्रकरण मी 2023 च्या ऑगस्टपासून जवळून पाहिलं. काही निर्णयांत मी स्वतः होतो, त्यातले दोन चुकले. ते पुढं येतीलच.

2023 चा हंगाम आठवणारे लोक आधी पावसाचं बोलतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला, पेरण्या जुलैवर गेल्या. जुलैनं बरी साथ दिली आणि ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पिकाला फुलं लागायच्या वेळी जमिनीला भेगा पडल्या. या कोरड्या ऑगस्टमुळंच हुमणी, म्हणजे जमिनीत राहून पिकाची मुळं खाणारी अळी, ओळखायला उशीर झाला.

अडचण कशी लक्षात आली

ऑगस्टच्या मध्यावर ओढ्याकाठच्या तुकड्यात सोयाबीन जागोजागी पिवळं पडायला लागलं. सगळं शिवार ताणात होतं, त्यामुळं कुणालाच वेगळं वाटलं नाही. दत्तरावांनी भाड्यानं पाइप आणले, विहिरीत होतं तेवढं पाणी स्प्रिंकलरनं दिलं. घराजवळचं तीन एकर दोन दिवसांत तरारलं. ओढ्याकाठचं तसंच राहिलं. मी बांधावरून पाहिलं आणि "हलकी जमीन आहे, अजून एक पाणी द्या" असं सांगून पुढं गेलो. वावरात उतरलो नाही. ही माझी पहिली चूक.

मग दत्तराव पिवळी पानं पिशवीत घालून कृषी सेवा केंद्रात गेले. तिथं पानावरून मूळकूज ठरली आणि बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे झाडाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतणं, सुचवली गेली. औषध आणि मजुरी धरून 2,900 रुपये गेले. आठ दिवसांनी पिवळे ठिपके मोठे झाले होते. आता ते गोल दिसत होते, आणि मधली झाडं सुकून पडली होती.

हुमणी शोधली ती दत्तरावांच्या घरच्या काकूंनी. राहिलेलं तण काढताना त्यांनी एक वाळकं झाड धरलं आणि ते न ओढताच हातात आलं. बुडाला मुळं नव्हतीच. त्यांनी विळ्यानं तिथलीच माती उकरली तर इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पिवळट डोक्याची पांढरी जाड अळी निघाली. संध्याकाळी दत्तरावांचा फोन आला. "पाणी देऊनबी वाळायलंय साहेब, आन् आता बुडात उन्नी सापडली." आमच्याकडं जुनी माणसं हुमणीला उन्नी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही टिकाव घेऊन गेलो. ठिपक्यांच्या कडेला, जिथं झाडं अजून उभी होती तिथं, अर्धा मीटर लांब-रुंद असे चार खड्डे घेतले. चार मिळून एक चौरस मीटर होतो. त्यात सात अळ्या निघाल्या. हुमणीची आर्थिक नुकसानीची पातळी चौरस मीटरला एक अळी धरतात. एवढ्या अळ्या असतील तर होणारं नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त, म्हणून हालचाल करायची, असा त्याचा अर्थ. घराजवळच्या तुकड्यात तेवढ्याच मातीत एकही सापडली नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण गावात त्यावरून वाद झाला. दत्तरावांनी मे महिन्यात दोन्ही तुकड्यांत उकिरड्यातलं शेणखत टाकलं होतं, आणि त्यात पांढऱ्या अळ्या होत्या. लोक म्हणाले, हुमणी खतातूनच आली. अर्धवट कुजलेल्या खताकडं भुंगेरे, म्हणजे हुमणीचे वाढ पूर्ण झालेले उडणारे किडे, जातात, हे खरं. पण खतातली प्रत्येक पांढरी अळी मुळं खाणारी नसते. काही जाती नुसता कुजका पालापाचोळाच खातात. त्यातल्या काहींची ओळख सोपी आहे. सपाट जागेवर ठेवल्या की त्या पाठीवर सरकत चालतात. हुमणी तशी चालत नाही, कुशीवर वळून पडून राहते. काकूंनी उकिरड्यातल्या दहा अळ्या परातीत टाकून पाहिल्या. त्यातल्या आठ पाठीवर चालल्या. खत दोन्ही तुकड्यांना सारखंच पडलं होतं आणि घराजवळचं पीक शाबूत होतं, म्हणून आमची नजर झाडांकडं आणि नांगर न लागलेल्या खोडव्याकडं गेली.

किडीचं वर्ष

पुढचे निर्णय समजायला हुमणीचा वर्षभराचा क्रम माहीत हवा. तिची पिढी वर्षाला एकच. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दबा धरून बसलेले भुंगेरे दिवस मावळताना बाहेर येतात. कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खातात आणि तिथंच त्यांचं मीलन होतं. पहाटेच्या आत ते पुन्हा जमिनीत शिरतात. मादी साधारण 50 ते 60 अंडी मातीत घालते. लहान अळी सुरुवातीला सेंद्रिय पदार्थ आणि बारीक मुळं खाते, तेव्हा वरून काहीच कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ती तिसऱ्या अवस्थेत जाते. खरं खाणं तेव्हाचं, आणि आपल्याला दिसतं तेही तेव्हाच. पुढं ती खोल जाऊन कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगेरा तिथंच पुढच्या पावसाची वाट पाहतो.

सगळ्या वर्षात ही कीड जमिनीच्या वर दिसते ती पहिल्या पावसानंतरच्या थोड्या संध्याकाळी.

सप्टेंबर 2023: समोरचे पर्याय

सप्टेंबर लागला तेव्हा दोन एकरांतलं अर्धा एकर पीक गेलं होतं. दत्तरावांच्या ओट्यावर आम्ही चौघं बसलो होतो. एका वयस्कर शेजाऱ्यानं फोरेट हे कीटकनाशक टाकायला सांगितलं. पूर्वी ऊसवाले तेच टाकत. पण फोरेटचा वापर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे, आणि ते माणसाला, जनावराला अतिशय विषारी आहे. तो पर्याय तिथंच संपला.

मेटारायझियम या बुरशीचा विचार झाला. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढून तिला मारते, एकरी 4 किलो शेणखतात मिसळून देतात. पण तिला जमिनीत ओल लागते आणि ती लहान अळीवर जास्त चालते. आमच्याकडं ओल नव्हती आणि अळी पूर्ण वाढलेली होती.

मोडणी करून रान हरभऱ्याला मोकळं करायचं, हाही पर्याय होता. दत्तरावांना तो पटला नाही. उभ्या दीड एकरात शेंगा धरल्या होत्या. "लेकरासारखं वाढवलेलं वावर मोडायला हात उठंना," एवढंच ते बोलले, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही.

राहिली रासायनिक आळवणी. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड एकत्र असलेलं पाण्यात विरघळणारं दाणेदार औषध दुकानात मिळत होतं. मजुरीसह एकरी 2,700 रुपये. त्या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव 4,600 रुपये क्विंटल होता. म्हणजे एकरी 59 किलो सोयाबीन वाचलं तरच हा खर्च फिटतो. हा हिशेब मी तिथं मांडला. पण एवढं सोयाबीन वाचण्याची शक्यता किती, हा त्याच्या पुढचा प्रश्न मी विचारला नाही. ही दुसरी चूक. पुडीवर पीक म्हणून ऊस छापलेला होता, सोयाबीन नव्हतं. तेही मी घरी आल्यावर वाचलं. लेबलवर नसलेल्या पिकाला औषध सुचवायचा मला काही अधिकार नव्हता.

आळवणी दोन्ही एकरांवर झाली. खर्च 5,400.

त्यातून एक गोष्ट नकळत हाती लागली. शेवटी टाकी संपली म्हणून कडेची चार तासं (ओळी) सुटली. बारा दिवसांनी मी दोन्हीकडं सारखेच खड्डे घेतले. आळवणी केलेल्या जागी चार अळ्या, सुटलेल्या तासांत पाच. वाढलेली अळी औषधाला सहजी दाद देत नाही, कोरड्या जमिनीत ती खोल उतरते, आणि भेगाळलेल्या मातीत औषधाचं पाणी मुळांच्या कक्षेत न थांबता भेगांतून निघून जातं. मुळं गेलेलं झाड तर कोणत्याच औषधानं परत येत नाही.

पीक विम्याचंही इथंच सांगतो. त्याच खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला होता, दत्तरावांनी भरलाही होता. 72 तासांत तक्रार करायची म्हणून मुलानं मोबाईल हातात घेतला. पण ती वैयक्तिक तक्रार तेव्हा गारपीट, शेतात पाणी साचणं, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग अशा ठरलेल्या स्थानिक आपत्तींसाठी असायची. किडीचं नुकसान महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नातून मोजलं जातं. दोन एकरातली हुमणी त्या सरासरीत दिसत नाही. ज्या किडी अशा तुकड्या-तुकड्यांनी खातात, त्यांच्यासाठी ही रचना फार अपुरी आहे, आणि हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे.

2023 चा हिशेब

घराजवळच्या तीन एकरांत एकरी साडेपाच क्विंटल उतारा आला. त्यात ऑगस्टच्या ताणाची घट आलीच. ओढ्याकाठी दोन एकरांत मिळून चार क्विंटल. दोन्हीकडं बियाणं, तारीख, खत सारखं होतं, म्हणून फरकाचे सात क्विंटल मी हुमणीच्या नावावर टाकतो. जमीन थोडी हलकी असल्यामुळं त्यातला काही भाग जमिनीचाही असेल. हमीभावानं सात क्विंटलचे 32,200 रुपये. त्यात बुरशीनाशकाचे 2,900 आणि सप्टेंबरच्या आळवणीचे 5,400 मिळवले की 40,500 होतात. स्प्रिंकलरचा खर्च धरलेला नाही. ते पाणी तसंही द्यावंच लागलं असतं.

उपायांवर गेलेल्या 8,300 रुपयांतून एक किलोही सोयाबीन वाचलं नाही. नुकसानीइतकाच हा आकडा मला टोचतो. घटलेला उतारा शेजारपाजारच्यांना दिसतो. चुकीच्या निदानापायी गेलेला पैसा उधारीच्या खात्यात बसतो आणि दिवाळीला व्याजासकट वसूल होतो.

नांगरटीचा पेच

सोयाबीन निघाल्यावर लगेच नांगरट केली असती तर कोषात जाणाऱ्या अळ्या वर आल्या असत्या. नांगरामागं बगळे, साळुंक्या, कावळे येतात आणि फुकटात काम करतात. मी तेच सुचवलं. दत्तरावांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. सप्टेंबरच्या पावसानं आलेली थोडी ओल हाच हरभऱ्याचा आधार होता. नांगरलं असतं तर ती उडाली असती. हुमणी कमी झाली असती, पण हरभरा उगवला नसता. त्यांनी हरभरा पेरला, दोन एकरांत साडेनऊ क्विंटल झाला, आणि नांगरट एप्रिलअखेरीस केली. उन्हाळ्यात भुंगेरे खोल असतात, त्यामुळं त्या नांगरटीचा हुमणीवर थोडाच परिणाम झाला असावा.

जून 2024: झाडाखालच्या संध्याकाळी

23 एप्रिल 2024 ला हनुमान जयंतीचा भंडारा झाल्यावर पारावर विषय निघाला. तोवर ओढ्याकाठच्या आणखी पाच-सहा घरांनी 2023 चं आपलं "ताणानं गेलेलं" रान हुमणीनं गेलं होतं हे ओळखलं होतं. अकरा घरं तयार झाली. ओढ्याच्या दोन्ही कडांची 23 झाडं चुन्यानं नंबर घालून ठेवली. 14 कडुलिंब, 9 बाभळी.

झाडांवर कीटकनाशक फवारायचं की भुंगेरे हातानं गोळा करायचे, यावर बराच वेळ गेला. फवारणी दोन संध्याकाळींत उरकली असती. एका शेळीवाल्या मावशींनी विचारलं, "बाभळीचा पाला माझ्या शेळ्या खात्यात, त्या कुठं न्यायच्या?" त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. हातानं गोळा करायचं ठरलं. लांब आकड्या, जुन्या साड्या झाडाखाली अंथरायला, आणि बादल्या. बादलीत रॉकेल टाकायची शिफारस असते, पण रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून ते मिळणं अवघड आहे. आम्ही पाण्यात धुण्याची पावडर आणि थोडं डिझेल टाकलं, काम भागलं. शिवाय बल्बखाली पाण्याचं घमेलं ठेवून चार प्रकाश सापळे केले. ते साडेसात ते साडेनऊ एवढेच लावायचे, म्हणजे रात्रभर उडणारे मित्रकीटक त्यात मरत नाहीत. तेरा संध्याकाळींपैकी पाच वेळा ऐन वेळी वीज गेली. सापळ्यांवर विसंबून राहिलो असतो तर फसलो असतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला दमदार पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला कडुलिंबाखाली उभं राहिलं तर वर पाला कुरतडल्याचा आवाज येत होता. झाडावर सरासरी 20 भुंगेरे असतील तर उपाय करावा असं मानतात. पहिल्या संध्याकाळी आमची सरासरी 81 निघाली. शंभर भुंगेरे मोजून वजन केलं आणि पुढं वजनावरून आकडा काढत गेलो. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यात जास्त निघाले, मग उतरत उतरत तेराव्या दिवशी सगळ्या झाडांचे मिळून 90. एकूण साधारण 11,600. निम्म्या माद्या धरल्या आणि एकीची 50 अंडी, तर दोन लाख नव्वद हजार अंडी होतात. पण हा आकडा वरची मर्यादा समजावा. बऱ्याच माद्या सापडण्याआधीच जमिनीत जाऊन आल्या असणार, आणि घातलेल्या अंड्यांतूनही मोजक्याच अळ्या मोठ्या होतात.

खर्च 7,150 रुपये, घरटी 650. यात पोरांना किलोमागं दिलेले पैसे, बल्ब, वायर, डिझेल सगळं आलं. दत्तरावांनी पेरणीच्या वेळी ओढ्याकाठच्या दोन एकरांत 8 किलो मेटारायझियमही दिलं, त्याचे 1,600. जमिनीत ओल होती, अळ्या अजून निघायच्या होत्या. गेल्या सप्टेंबरात अवेळी ठरलेला उपाय आता वेळेवर होता.

निष्पत्ती

2024 च्या ऑगस्टच्या मध्यावर मी त्याच पट्ट्यात खड्डे घेतले, यावेळी चार चौरस मीटर. दोन अळ्या. गेल्या वर्षी एका चौरस मीटरला सात होत्या. गोल वाळलेले ठिपके कुठंच नव्हते. तोवर सगळं चांगलं चाललं होतं.

1 आणि 2 सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेडकडं अतिवृष्टी झाली. ओढा फुगला, आणि दोन एकरांत तीन दिवस पाणी उभं राहिलं. शेवटी तिथं नऊ क्विंटल निघालं. घराजवळच्या तीन एकरांत 19. म्हणजे ओढ्याकाठी एकरी साडेचार, तिकडं सव्वासहाच्या थोडं वर. हा फरक पाण्याचा, कारण वाळलेली झाडं नव्हती, सडलेली होती. पण साचलेल्या पाण्यात उरलेल्या अळ्याही मेल्या असतील. म्हणून सप्टेंबरनंतरचं श्रेय मी मोहिमेला देत नाही. ऑगस्टच्या खड्ड्यांपुरतंच देतो.

आणि भाव. 2024-25 चा हमीभाव 4,892 होता, दत्तरावांनी ऑक्टोबरात 4,150 नं विकलं. खरेदी केंद्रावर नंबर लागायची वाट पाहायला घरात सवड नव्हती, हळदीच्या मजुरांचे पैसे द्यायचे होते. त्यांच्या 28 क्विंटलवर क्विंटलमागं 742 रुपये, म्हणजे 20,776 रुपये कमी आले. तेरा संध्याकाळी अंधारात आकड्या घेऊन उभं राहिलेल्या माणसाला बाजारानं अर्ध्या तासात असं मागं ढकललं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी एक झाड उपटून पाहायचं होतं. ताणानं सुकलेलं झाड उपटायला जोर लागतो, हुमणीनं खाल्लेलं सहज हातात येतं. एवढ्या तपासणीनं बुरशीनाशकाचे पैसे वाचले असते आणि दहा दिवस हाती आले असते. दुकानात पानं न नेता मुळासकट झाड आणि बुडाची माती न्यायला हवी होती.

सप्टेंबरात काही करायचंच होतं, तर दोन्ही एकरांऐवजी ठिपक्यांच्या कडेचा उभा पट्टा धरायचा होता. अळी तासाच्या कडेनं एका झाडावरून दुसऱ्यावर सरकते, मेलेल्या मध्यात औषध ओतून उपयोग नसतो. आणि आधी पाणी देऊन ओल करायची होती. खरं सांगायचं तर, आज मी तिथं काहीच न करायचा सल्ला दिला असता आणि तेच 5,400 जूनसाठी बाजूला ठेवा म्हटलं असतं. चार तासं मात्र यावेळी मुद्दाम सोडायला लावीन, कारण उपाय न केलेला तुकडा शेजारी नसेल तर औषध चाललं की नाही हे कुणालाच कळत नाही.

खोडव्याचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. शेजाऱ्यानं आपल्या बांधावरची झाडं हलवू दिली, पाचव्या संध्याकाळपासून मुलालाही पाठवलं. पण ऊस काढायला तो तयार नव्हता. त्याचं म्हणणं सरळ आहे. चौथ्या खोडव्याला बेणं नाही, लागवड नाही, खर्च कमी. त्याच्या उसातही हुमणी आहे, पण मोठ्या मुळांचा ऊस तिला काही काळ सोसतो. त्याच्या जमिनीत वाढलेले भुंगेरे दहा घरांच्या सोयाबीनमध्ये अंडी घालतात, हे त्याला मान्य आहे. "मग माझा तोटा तुम्ही भरणार का?" असं त्यानं पारावर विचारलं. चार एकर खोडवा मोडून एक हंगाम दुसरं पीक घेतलं तर त्याचं किती उत्पन्न बुडेल आणि बाकी दहा घरांनी मिळून त्यातलं किती उचलावं, याचा कागद आम्ही 2025 च्या उन्हाळ्यात मांडायला घेतला. दत्तरावांनी त्यावर आपल्या नावापुढं पहिला आकडा लिहिला, 2,000.